वरच्या ओळीतलं नाव

लालबागच्या मिरची गल्लीत एप्रिल-मे म्हणजे वर्षाच्या मसाल्याचा हंगाम. समजा, तिथल्या एका ठोक व्यापाऱ्याच्या ऑफिसात, मागच्या खोलीत, एक लिनक्स सर्व्हर आहे. बिलं, साठा, उधारीची खाती, सगळं त्यावर. वर्षभर तो निमूट चालतो आणि ऐन हंगामात, भर दुपारी बारा वाजता, अडकून बसतो. सेकंदात निघणारं बिल दोन मिनिटं घेतं, काउंटरवर गिऱ्हाइकं खोळंबतात, मागच्या खोलीतून पंख्याचा घोंघाट ऐकू येतो. आयटीवाला येतो, 'टॉप' ही कमांड देतो. सगळ्यात वरच्या ओळीत नाव दिसतं: के-स्वॅप-डी झीरो. सीपीयू ९८ टक्के.

हे नाव ऑफिसात कुणी ऐकलेलं नाही, हा प्रोग्रॅम कुणी घातलेलाही नाही. व्हायरस असेल का? आयटीवाला त्याला 'किल' करून बघतो, प्रोसेस जागची हलत नाही. शेवटी सर्व्हर रीस्टार्ट होतो आणि सगळं सुरळीत चालू लागतं. दुसऱ्या दिवशी बाराच्या ठोक्याला तेच नाव, तेच टक्के.

अशा वेळी बहुतेकांचा घोटाळा एकाच ठिकाणी होतो. वरच्या ओळीतलं नाव म्हणजे गुन्हेगार, असं ते धरून चालतात. ती ओळ खोटं बोलत नाही, पण सांगते फक्त एवढंच की प्रोसेसरचा वेळ कुणाच्या नावावर खर्ची पडला. तो का पडला, आणि कुणापायी पडला, हे त्या ओळीत लिहिलेलं नसतं. ते शोधावं लागतं, आणि शोधण्याची रीत कुणालाही समजण्यासारखी आहे.

टक्के कसले, आणि कशाचे?

युनिक्सचा जन्म १९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये, केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या हातून झाला. तेव्हा संगणक महाग होते, एकेका यंत्रावर अनेकांनी एकाच वेळी काम करणं भाग होतं. मुंबईकरांच्या एका पिढीने हे स्वतः अनुभवलं आहे. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा त्यातलं स्वस्त कनेक्शन म्हणजे 'शेल अकाउंट'. गिरगावातल्या किंवा दादरच्या घरातून मॉडेमने फोन लावायचा, लागला तर काळ्या पडद्यावर अक्षरं उमटायची. चित्रं नाहीत, माउस नाही. 'पाइन'मध्ये ई-मेल वाचायचं, 'लिंक्स'मध्ये वेबसाइट बघायची. हे दोन्ही प्रोग्रॅम घरच्या संगणकावर चालतच नसत. ते चालत निगमच्या युनिक्स यंत्रावर, आणि त्याच क्षणी त्याच यंत्रावर इतर अनेक जण आपापली पत्रं वाचत असत.

त्या प्रत्येकाचा चालू असलेला 'पाइन' ही एक स्वतंत्र प्रोसेस. प्रोग्रॅम एकच, पण तो दहा जणांनी उघडला की दहा प्रोसेस, आणि प्रत्येकीला स्वतःचा क्रमांक. प्रोसेसरचा एक कोअर एका क्षणी एकच काम करू शकतो. म्हणून कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, प्रत्येक प्रोसेसला काही मिलिसेकंद देतो आणि पुढच्या प्रोसेसकडे वळतो. ही फेरी इतकी वेगाने फिरते की प्रत्येकाला वाटतं, यंत्र आपलंच आहे.

असा वेळ देताना कर्नल हिशेबही ठेवतो: कुठल्या प्रोसेसने आजवर किती वेळ वापरला. 'टॉप' हा प्रोग्रॅम विल्यम लेफेव्हर यांनी १९८४ मध्ये लिहिला, आणि त्याचं काम साधं आहे. तो हा हिशेब एकदा वाचतो, लिनक्सवर साधारण तीन सेकंदांनी पुन्हा वाचतो, आणि वजाबाकी करतो. ९८ टक्के याचा अर्थ, त्या तीन सेकंदांतला जवळजवळ सगळा वेळ एका कोअरने या प्रोसेसला दिला.

एका कोअरने, हे महत्त्वाचं. आपल्या सर्व्हरला चार कोअर असतील तर सगळे मिळून ४०० टक्के होतात. म्हणजे के-स्वॅप-डीने पाव यंत्र खाल्लं. मग उरलेलं पाऊण यंत्र काय करतंय? ते मोकळं असेल तर बिल का निघत नाही?

उत्तर 'टॉप'च्या डोक्यावरच्या आकड्यांत असतं, आणि तिकडे फार थोडे लोक बघतात. तिथे प्रोसेसरच्या एकूण वेळेची वाटणी दिलेली असते. 'यू-एस' म्हणजे आपल्या प्रोग्रॅमनी वापरलेला वेळ. 'एस-वाय' म्हणजे कर्नलने स्वतःच्या कामात घालवलेला. 'डब्ल्यू-ए' म्हणजे प्रोसेसर रिकामा होता, पण काही प्रोसेस डिस्ककडून माहिती येण्याची वाट बघत अडकल्या होत्या. 'एस-टी' फक्त भाड्याच्या आभासी सर्व्हरवर अर्थपूर्ण असतो. आपल्याला वेळ हवा होता, पण खालच्या खऱ्या यंत्राने तो शेजारच्या भाडेकरूला दिला, असा त्याचा अर्थ. हा आकडा सतत मोठा असेल तर आपल्या सर्व्हरवर शोधाशोध करून काही मिळत नाही, सेवा देणाऱ्या कंपनीशी बोलावं लागतं.

तिथेच 'लोड अ‍ॅव्हरेज' म्हणून तीन आकडे असतात, एक, पाच आणि पंधरा मिनिटांचे. पहिला तिसऱ्यापेक्षा बराच मोठा असेल तर त्रास नुकताच सुरू झालाय. मात्र लिनक्स या आकड्यात डिस्कसाठी अडकलेल्या प्रोसेसही मोजतो, त्यामुळे लोड वीस दिसला तरी प्रोसेसर थंड असू शकतो.

मसाल्याच्या ऑफिसात 'डब्ल्यू-ए' साठच्या घरात होता, असं धरू. म्हणजे त्या पाऊण यंत्रातला बराचसा वेळ डिस्कची वाट बघण्यात चालला होता.

खाणावळीतला पोऱ्या

आता के-स्वॅप-डी. गिरणगावातली एखादी जुनी खाणावळ डोळ्यांसमोर आणा. खोलीत बारा पाट मावतात, वर पोटमाळा आहे, आणि पाट मोकळे करायला एक पोऱ्या आहे. पाट रिकामे असतील तर तो कोपऱ्यात बसून असतो. दोनच उरले की उठतो, पाच मोकळे झाले की पुन्हा बसतो. ज्यांचं जेवण आटोपलंय त्यांची ताटं तो सरळ उचलतो. कुणी अर्ध्या जेवणावर गप्पा मारत बसलं असेल, तर त्याला ताटासकट पोटमाळ्यावर पाठवतो. त्याला भाजी वाढायची वेळ आली की खाली आणायचं.

बारा जणांच्या खोलीत एके दिवशी तीस जण एकदम जेवायला बसले, तर काय होईल? पोऱ्या एकाला वर नेतो, तोवर वरच्या दुसऱ्याला भात हवा असतो. त्याला खाली आणावं तर खाली जागा नाही, म्हणून तिसऱ्याला वर न्यायचं. पोऱ्या दिवसभर जिन्यावर धावतो, आणि पोटभर कुणीच जेवत नाही. दारात उभं राहून बघणाऱ्याला तोच सगळ्यात जास्त राबताना दिसतो. त्याला कामावरून काढल्याने खाणावळ सुधारणार नाही, कारण गर्दी त्याने आणलेली नाही.

के-स्वॅप-डी हा तो पोऱ्या. मेमरी साधारणपणे ४ किलोबाइटच्या 'पानां'त वाटलेली असते. मोकळी पानं ठरावीक पातळीखाली गेली की के-स्वॅप-डी जागा होतो, वरच्या पातळीपर्यंत पानं मोकळी झाली की झोपतो. डिस्कवरच्या फाइलमधून जशीच्या तशी वाचलेली पानं तो नुसती टाकून देतो, कारण ती पुन्हा वाचता येतात. प्रोग्रॅमने स्वतः तयार केलेली माहिती मात्र टाकता येत नाही. ती डिस्कवरच्या 'स्वॅप' नावाच्या जागेत नेऊन ठेवावी लागते. नावातला शून्य म्हणजे मेमरीचा पहिला गट. मोठ्या सर्व्हरमध्ये गट अनेक असतात आणि प्रत्येकाला असा एक सेवक असतो.

तो कुणी घातलेला प्रोग्रॅम नसून कर्नलचाच भाग आहे, म्हणून 'किल'ला दाद देत नाही.

मेमरीतून एखादी माहिती यायला शंभरेक नॅनोसेकंद लागतात, फिरत्या हार्ड डिस्कवरून यायला दहा मिलिसेकंदांच्या आसपास. फरक लाखपट आहे. चांगल्या एसएसडीवर तो हजारपटीवर येतो, तरीही हजारपट. मेमरी अपुरी पडली की सर्व्हर दहा-वीस टक्क्यांनी मंदावत नाही, एकदम कोसळतो, त्याचं कारण हे.

खरा दोषी कसा सापडतो? 'व्हीएमस्टॅट' ही कमांड दर सेकंदाला दोन आकडे दाखवते: स्वॅपमधून किती आत आलं, किती बाहेर गेलं. दोन्ही सतत हलत असतील तर निदान पक्कं. मग 'टॉप'मध्ये मोठा एम दाबायचा, यादी मेमरीच्या क्रमाने लागते. आता वर येतो तो उधारीचा रिपोर्ट काढणारा प्रोग्रॅम. रोज बाराला आपोआप सुरू होतो, दहा वर्षांची बिलं एका दमात मेमरीत ओढतो. सीपीयूच्या यादीत तो खाली कुठेतरी पडला होता, कारण बिचारा स्वतःच डिस्कची वाट बघत होता. इतर महिन्यांत तो कसाबसा मावायचा. हंगामात दहा जण एकदम बिलं करायला बसले, आणि मेमरी संपली. रिपोर्ट रात्री काढा, वर्षावर्षाच्या तुकड्यांत काढा, नाहीतर मेमरी वाढवा. तीनपैकी पहिल्या उपायाला पैसा लागत नाही.

'स्वॅपच बंद करून टाका', असा एक सल्ला नेहमी ऐकू येतो. तो घाईने मानू नये. स्वॅप नसला तर के-स्वॅप-डी चालू प्रोग्रॅमची फाइलमधून वाचलेली पानं टाकू लागतो. ती पुढच्याच क्षणी लागतात, पुन्हा वाचली जातात, पुन्हा टाकली जातात. धावपळ तेवढीच राहते, आणि शेवटी कर्नल जागा करण्यासाठी एखादी मोठी प्रोसेस मारून टाकतो. ती डेटाबेसची असण्याची शक्यता बरीच असते.

पाच वाजून एकोणतीस मिनिटं, साठ सेकंद

पहिल्या प्रकारात वरची प्रोसेस दुसऱ्यांचं काम करत होती. दुसरा प्रकार अधिक चकवणारा आहे, आणि त्याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण भारतीय घड्याळाप्रमाणे १ जुलै २०१२ रोजी पहाटे घडलं.

पृथ्वीच्या फिरण्याची गती अणुघड्याळाइतकी काटेकोर नाही. दोन्हींचा मेळ राहावा म्हणून १९७२ पासून जागतिक वेळेत अधूनमधून एक जादा सेकंद घातला जातो, लीप सेकंद. तो ग्रीनिचच्या मध्यरात्री घालतात, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला. त्या दिवशी पंचविसावा लीप सेकंद होता. मुंबईच्या घड्याळात ५ वाजून २९ मिनिटं ५९ सेकंदांनंतर साडेपाच न वाजता, मध्ये साठावा सेकंद आला. इथे रविवार होता, शेअर बाजार बंद, बहुतेक ऑफिसं बंद. पण जगभर असंख्य लिनक्स सर्व्हरवर जावाचे प्रोग्रॅम आणि मायएसक्यूएल डेटाबेस अचानक 'टॉप'च्या माथ्यावर जाऊन बसले. रेडिट ठप्प झालं, मोझिलाच्या काही सेवा अडल्या, क्वांटासच्या प्रवाशांना विमानतळांवर ताटकळावं लागलं. जर्मनीतल्या हेट्झनर कंपनीच्या डेटा सेंटरमध्ये विजेचा वापर सुमारे एक मेगावॉटने वाढला, इतके प्रोसेसर एकदम तापले.

झालं होतं असं. कर्नलने जादा सेकंद घालून आपली मुख्य वेळ दुरुस्त केली, पण ही दुरुस्ती स्वतःच्याच दुसऱ्या विभागाला कळवली नाही. हा विभाग प्रोसेसना ठरल्या वेळी जागं करतो. त्यामुळे त्याचं घड्याळ एक सेकंद पुढे राहिलं. आता एखादा प्रोग्रॅम म्हणे, 'मला अर्ध्या सेकंदाने उठव'. जागं करणारा विभाग बघे, तर त्याच्या घड्याळात ती वेळ आधीच टळून गेलेली. तो लगेच उठवी. प्रोग्रॅम उठे, काम काहीच नसे, म्हणून पुन्हा अर्ध्या सेकंदाची झोप मागे, पुन्हा तत्क्षणी उठवला जाई. हे सेकंदाला हजारो वेळा. जावा आणि मायएसक्यूएल अशा लहान लहान झोपा सतत घेतात, म्हणून तेच सापडले.

दोष जावाचा नव्हता. जावा बंद करून पुन्हा सुरू केल्याने काही होत नव्हतं, कारण चूक कर्नलमध्ये तशीच होती. ज्यांनी 'एस-ट्रेस' हे साधन लावून ती प्रोसेस कर्नलकडे काय मागते आहे ते बघितलं, त्यांना एकच विनंती आणि 'वेळ संपली' हे एकच उत्तर अखंड सरकताना दिसलं. तिथून घड्याळाचा संशय आला. आणि उपाय? 'डेट' कमांड देऊन सर्व्हरला आत्ताची वेळ पुन्हा एकदा सांगायची, बस. वेळ नव्याने दिली की कर्नल ती सगळ्या विभागांना कळवतो. तापलेले सर्व्हर क्षणात थंड झाले.

मला या घटनेत सर्वांत मोलाची वाटते ती 'केव्हापासून' या प्रश्नाची ताकद. अनेक सर्व्हर, वेगवेगळे प्रोग्रॅम, पण त्रासाचा आरंभ सगळीकडे एकाच सेकंदाला. एवढं ध्यानात आलं की एकेका प्रोग्रॅमची तपासणी करण्याचं कारणच उरत नाही. जून २०१५ आणि डिसेंबर २०१६ च्या अखेरीस आणखी दोन लीप सेकंद आले, तोवर कर्नल दुरुस्त झाले होते. वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने २०२२ मध्ये ही पद्धत उशिरात उशिरा २०३५ पर्यंत थांबवण्याचं ठरवलं आहे.

चौकट: रीस्टार्ट करण्याआधी

रीस्टार्टने त्रास तात्पुरता जातो आणि पुरावा कायमचा जातो. म्हणून हात लावण्याआधी पाच मिनिटं खर्च करून एवढं लिहून ठेवा:
• त्रास नेमका केव्हा सुरू झाला, आणि त्याच वेळी आपोआप चालणारं काही काम होतं का?
• 'टॉप'च्या डोक्यावरचे आकडे: वेळ प्रोग्रॅममध्ये गेला, कर्नलमध्ये, की डिस्कची वाट बघण्यात?
• वरच्या प्रोसेसचा क्रमांक, ती कुठल्या वापरकर्त्याच्या नावावर चालते, तिची जनक प्रोसेस, म्हणजे तिला सुरू करणारी, कोणती.
• मेमरीच्या क्रमाने लावलेली यादी, आणि स्वॅपची ये-जा.

नोकराच्या नावाने शिरलेला

तिसऱ्या प्रकारात वरच्या ओळीतली प्रोसेसच गुन्हेगार असते, पण तिचं नाव खोटं असतं.

लिनक्सच्या कर्नलमध्ये के-डेव्ह-टीएमपी-एफएस नावाचा एक खरा सेवक आहे. यंत्राला जोडलेल्या उपकरणांच्या नोंदी तो ठेवतो, आणि एरवी त्याचं अस्तित्वही जाणवत नाही. २०२० च्या सुमारास जगभरच्या सर्व्हरवर याच नावाची एक प्रोसेस सगळे कोअर खाताना दिसू लागली. नीट वाचलं तर नावाच्या शेवटी एक 'आय' जास्त होता. ती होती मोनेरो या आभासी चलनाचं मायनिंग करणारी घुसखोर प्रोसेस. आपली वीज, आपलं यंत्र, कमाई तिऱ्हाइताची. मोनेरोने नोव्हेंबर २०१९ मध्ये आपलं गणित बदलून ते साध्या प्रोसेसरवर चांगलं चालेल असं केलं. त्यामुळे महागडं ग्राफिक कार्ड नसलेला कुणाचाही सर्व्हर चोरांच्या कामाचा झाला.

हा तोतया ओळखायला तीन खुणा पुरतात. कर्नलचा असा सेवक एका वेळी एकाच कोअरवर चालतो, त्यामुळे त्याचा आकडा शंभरापुढे जाऊच शकत नाही. चारशेच्या घरात दिसला तर तो सेवक नव्हे. दुसरं, कर्नलचे सेवक नेहमी 'रूट'च्या, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या, नावावर चालतात. वापरकर्त्याच्या रकान्यात डेटाबेसचं किंवा वेब सर्व्हरचं नाव असेल, तर चोर त्याच दाराने आत आलाय. तिसरं, खऱ्या सेवकाची जनक प्रोसेस क्रमांक दोन असते आणि त्याच्यामागे डिस्कवर कुठलीही फाइल नसते. 'प्रॉक' या फोल्डरमध्ये प्रत्येक प्रोसेसच्या क्रमांकाचा एक कप्पा असतो, आणि ती कुठल्या फाइलमधून चालते आहे हे त्यात दिसतं. या तोतयाची फाइल बहुधा 'टेम्प' फोल्डरमध्ये सापडते.

'किल' दिल्यावर तो मरतो, आणि मिनिटभरात पुन्हा उभा राहतो. कारण त्याच्यामागे 'किनसिंग' नावाची दुसरी प्रोसेस पहारा देत असते. शिवाय 'क्रॉन'मध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप करायच्या कामांच्या यादीत, चोराने दर मिनिटाची एक ओळ घालून ठेवलेली असते. आधी ती ओळ, मग पहारेकरी, मग मायनर, हा क्रम पाळला तरच तो थांबतो.

पण थांबला म्हणजे गेला असं नाही. किनसिंग सर्व्हरवरच्या गुप्त किल्ल्या गोळा करतं आणि त्यांनी शेजारच्या यंत्रांत शिरतं. आत येण्याचा त्याचा रस्ता बहुतेक वेळा अगदी साधा असतो: पासवर्ड न लावता इंटरनेटवर उघडा ठेवलेला रेडिस डेटाबेस किंवा डॉकरचं व्यवस्थापन-दार. 'आपलं लहानसं ऑफिस, आपल्याकडे कोण कशाला येईल', हा समज इथे घात करतो. येणारा माणूस नसतो. दिवसरात्र पत्ते चाचपत फिरणारा प्रोग्रॅम असतो, आणि त्याला ऑफिस लहान की मोठं हे दिसत नाही.

म्हणून असा सर्व्हर साफसूफ करून पुन्हा वापरू नये, नव्याने उभारावा, आणि सगळे पासवर्ड व किल्ल्या बदलाव्यात. पुसण्याआधी नोंदींची, म्हणजे लॉगची, प्रत काढून ठेवावी. भारतात 'सर्ट-इन' या सरकारी यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार असा शिरकाव लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणं बंधनकारक आहे. लॉग १८० दिवस जपण्याची आणि सर्व्हरचं घड्याळ राष्ट्रीय माहिती केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळतं ठेवण्याची अटही त्यातच आहे. ही अट कागदी वाटते, पण सर्व्हर नव्याने उभारताना ती लागतेच. बॅकअप घुसखोरीच्या आधीचा घ्यायचा असतो, आणि दार कुठल्या दिवशी, किती वाजता उघडलं गेलं, हे बरोबर वेळ असलेल्या लॉगमधूनच कळतं.